रामाच्या वनवासाला जागा करताना

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला आणि औरंगाबादेत सर्वत्र शांतता नांदू लागली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शांतता इतकी होती की आमच्या राममंदिराच्या ओसरीवर कुणी खोकलं तरी सगळ्या गल्लीला ऐकू जाई.

खोकणारी माणसं अजिंठ्याकडच्या एका खेड्यातली. म्हातारी द्वारकाबाई आणि तिचा शेजारी मोहियोद्दीन, त्याची बायको सगीरा. दोन घरांची मधली भिंत एकच. भिंतीच्या अलीकडचं, द्वारकाबाईचं घर रझाकारांनी जाळलं. पलीकडचं, रझाकार गेल्यावर दुसऱ्यांनी. भिंतीनं दोन्ही राजवटींचा लाभ घेतला. सगीराला नववा महिना लागलेला. बाळंतपणापुरतं डोक्यावर छप्पर, एवढंच मागणं घेऊन तिघं आधी कचेरीत गेली होती.

"सरहद्द ओलांडलीत का?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. मुलूक आपलाच हाय. घर तेवढं नाय," मोहियोद्दीन म्हणाला.

"मग तुम्ही निर्वासित नाही. निर्वासित परमुलखातून येतात. तुम्ही प्रवासी. प्रवास सुखाचा होवो."

प्रवाशांनी देवळात उतरावं हा रिवाज. मोहियोद्दीनकडं पाहून पंच कुजबुजले, तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, "आमची भिंत एक हाय. ऱ्हायलो तर संगंच."

मुख्य पंच आप्पासाहेब फार हळव्या मनाचे. कीर्तनात सीतामाईच्या पायात काटा रुतला की आप्पासाहेब लंगडत घरी जायचे. त्यांनी तत्काळ 'विस्थापित संरक्षण समिती' स्थापन केली, एकमतानं स्वतः अध्यक्ष झाले आणि ठराव मांडला: संरक्षणापूर्वी लोकांची मनं द्रवली पाहिजेत. मनं कशानं द्रवतात? कीर्तनानं. आख्यान कोणतं? अर्थात रामाचा वनवास.

वनवास म्हटल्यावर गर्दी लोटणार. मंडप पुरणार नाही. बायकांना ओसरी लागणार.

"द्वारकाबाई, तुमच्याचसाठी चाललंय हे सगळं," आप्पासाहेब म्हणाले. "तेव्हा जरा गोठ्यात सरका."

"सरकते की. तेवढंच तर येतंय आता आम्हाला."

गोठ्यात टेकतात तोच कीर्तनकार बुवांची दमणी आली. दमणीच्या बैलांना थंडी बाधते, आणि मुकं जनावर ते, सांगणार कुणाला? तेव्हा ज्यांना सांगता येतं त्यांनी कडुलिंबाखाली जावं असं ठरलं. कडुलिंबाखाली चपलांची जागा होती. एवढ्या सज्जनांच्या चपला उघड्यावर टाकता येत नाहीत, चोरीला जातात. माणसं कुणी चोरून नेत नाही. म्हणून चपला फाटकाच्या आत आणि मंडळी फाटकाच्या बाहेर.

"मावशी, ये कमेटी अपनीच है ना?" सगीरानं कण्हत विचारलं.

"व्हय गं माय, आपलीच. लांबून बघ, लई शोभती."

कीर्तन मात्र अपूर्व झालं. काय तो गळा, काय ती तान! पूर्वरंगातच अर्धा मंडप गहिवरला. उत्तररंगात राम, लक्ष्मण, सीता चालत चालत वाल्मीकींच्या आश्रमाशी आले. बुवांनी झांज थांबवली, हात जोडले आणि रामरायाच्या तोंडून विचारलं, "मुनिवर, आम्ही राहावं तरी कुठं?"

एकच हुंदका फुटला. आप्पासाहेबांचं उपरणं पिळण्याजोगं झालं. नेमकी तेव्हाच द्वारकाबाई मंडपाच्या दारात येऊन उभी राहिली.

"आप्पासाहेब, पोरीला कळा लागल्या. आम्ही जावं तरी कुठं?"

"शूऽ!" आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले. "आधी रामाला उत्तर मिळू द्या."

बुवांनी ते ऐकलं. त्यांनी झांज खाली ठेवली, "मिळालं," एवढंच बोलले आणि पगडीसकट मंडपाबाहेर पडले. दमणी जुंपून सगीराला आत निजवलं. मोहियोद्दीननं कासरा धरला, द्वारकाबाईनं सगीराचा हात धरला आणि बुवा कंदील घेऊन पुढं झाले.

इकडे समितीनं तातडीची सभा घेतली. आख्यान अर्ध्यावर टाकल्याबद्दल बुवांचा निषेध झाला. राम आश्रमाच्या दारातच ताटकळत राहिला, याचं सर्वांना अतोनात दुःख झालं.

बुवा दारोदार फिरले. प्रत्येक दाराला कुलूप. घरधनी सगळे मंडपात, विस्थापितांसाठी रडत होते.

गल्लीच्या टोकाला एकाच घरात दिवा दिसला. आत कुणीतरी वाचत बसलं होतं. बुवांनी कडी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली.

तुम्ही मान वर केली नाहीत. तुमचंही बरोबरच आहे. गोष्ट रंगात आली होती.