अहो, दिवा लावा

इंजिनिअरसाहेब खिशात चिप घेऊन घरी आले, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला. "एवढ्याशा चकतीपायी वर्षानुवर्षं घराकडे पाठ फिरवलीत?"

"चकती काय म्हणतेस! माणसाच्या मेंदूवर बेतलीय ती. बाकीची यंत्रं दिवसभर वीज ढोसतात. ही पेंगत पडते, कामाचं ऐकू आलं तरच उठते. आणि कामाचं कुठलं, ते आपल्याकडे बघून शिकते."

त्यांनी चिप स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणाला जोडली. कोण काय बोललं की बटण दाबलं जातं, एवढं तिने आठवडाभर टिपायचं होतं. मग ऑफिसात संचालकबाईंसमोर परीक्षा. दिवा लागला नाही तर प्रकल्पाला कुलूप.

परीक्षेच्या दिवशी ऑफिसातल्या दिव्याला चिप जोडून साहेब म्हणाले, "बाई, 'अहो, दिवा लावा' एवढंच म्हणा."

"दिव्याला अहो?"

"आमच्या घरचं वळण आहे तिला."

"अहो, दिवा लावा," बाई म्हणाल्या. दिवा ढिम्म. बाईंनी आवाज चढवला. तरी तेच! साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वायरी सगळ्या जागच्या जागी होत्या. शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला आणि वायरी चाचपायला हात मोकळे हवेत म्हणून तो स्पीकरवर टाकून टेबलावर, चिपशेजारीच ठेवला.

"अगं, हाक मारली तरी दिवा लागत नाहीये!"

"मग? आपल्याकडे कधी लागलाय पहिल्या हाकेला? मी 'अहो, दिवा लावा' म्हणते, तुम्ही 'हो हो' म्हणता आणि पेपरात डोकं खुपसता. पुन्हा म्हणते, पुन्हा 'हो हो'. मी भांडं आपटून 'अहो, आता शेवटचं सांगतेय!' असं ओरडले की मग..."

लख्खकन दिवा लागला. साहेबही खुर्चीतून ताडकन उठले होते आणि त्यांचा हात भिंतीवर बटण शोधत होता.

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं सगळं, त्यांना वाटलं. बाई मात्र वाकून वीज मोजायच्या काट्याकडे बघत होत्या.

"माझ्या दोन हाकांना काटा हललासुद्धा नाही हो! वीज वाचवते खरी. प्रकल्प चालू ठेवा."

"आभारी आहे, बाई! आणखी एक चिप करून तुमच्या घरी पाठवू?"

"नको," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "आमच्याकडे एक आहेत. तेही वीज खात नाहीत, पण दोन्ही वेळा जेवतात."