मापाचं भोक

मी चौथी शिकलेय. गाडीची पूजा करायला चौथी पुष्कळ.

त्या दिवशी आमच्या लेकीच्या, श्रेयाच्या होणाऱ्या नवऱ्याला टिळा लावायला वेरूळला निघालो. मुहूर्त बाराचा. मुलाच्या आत्यानं फोनवर बजावलं होतं, उशीर झाला तर टिळा पुढच्या महिन्यात, अन् आम्हाला दुसरी स्थळंही हायेत. म्हणून मी जुनी घेतलेली गाडी निघायच्या आधी पूजली. उदबत्तीचं पितळी घर कुठं ठेवावं? गिअरपाशी एक गोल भोक दिसलं, अगदी मापाचं. (बनवणाऱ्याला देवाधर्माचं कळत होतं म्हणायचं.) दाबलं, पक्कं बसलं. आमच्या ह्यांनी चावी फिरवली तशी आत कुठंतरी टक् झालं. मी म्हटलं, शुभ बोललं.

टेप वाजंना. बरं झालं. पण दौलताबादच्या वेशीत ट्रक आडवा अन् आमचा हॉर्न मुका. मी खिडकीतून मान काढून ट्रकवाल्याचा उद्धार केला. तो बाजूला झाला. हे म्हणाले, "घाटातही अशीच ओरडशील का?" घाटात माझाही आवाज पुरायचा नाय, म्हणून पडेगावच्या गयासभाई मेकॅनिकला फोन लावला.

तो येईस्तोवर ह्यांनी फ्यूजच्या डबीतले सगळे फ्यूज उपटून माझ्या पूजेच्या ताटात ठेवले. लाल, निळे, पिवळे. मी ते ताटात रंगारंगानं लावले. कुठला कुठं होता, ते मग कुणालाच सांगता येईना.

गयासभाईनं झाकणावरचं चित्र बघून एकेक बसवला. एक उन्हात धरला, आतली तार तुटलेली. नवा घातला. टक्. दुसरा घातला. टक्. घड्याळात अकरा वीस. मी त्याच्या फ्यूजच्या खानदानाबद्दल बोलले.

तो वाकला, भोकाकडं बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "भाभी, हे इथं कुणी ठोकलं?"

"देवाचं हाय."

"इथं मोबाईल चार्ज करतात. करंट हाय आत, पितळ टेकलं की फ्यूज उडतो. टेप, हॉर्न सगळं ह्याच तारेवर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आधीपासून माझ्याकडंच बघत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

घर निघालं, शेवटचा फ्यूज टिकला. बाराला पाच कमी असताना पोहोचलो. व्याह्यांनी दारात नवी गाडी उभी केली होती. म्हणाले, विहीणबाई, तुमच्याच हातानं पूजा होऊ द्या.

मी ताट उचललं. ह्यांनी त्यातलं उदबत्तीचं घर काढून खिशात टाकलं, अन् पूजा होईस्तोवर उदबत्ती हातात धरून उभे राहिले.

आत्या अजून सांगतात, मुलीचा बाप लई भाविक.