मी ऐकून राहिलो

बसमध्ये कुणी स्पीकर लावून फोनवर बोलू लागलं, की रशीदभाई मागून त्याच्या खांद्यावर टिचकी मारायचे. "भाऊ, मी ऐकून राहिलो. पुढचं जपून बोला."

न सांगता ऐकणं म्हणजे चोरी, असं त्यांचं म्हणणं. एकदा नायगावहून येताना एक बाई बहिणीला सासूचे पराक्रम सांगत होती. रशीदभाई म्हणाले, "ताई, सासूबाईचं गाव तेवढं सांगू नका. माझ्या ओळखी लई हायत." कंधार येईपर्यंत ती बाई खिडकीबाहेर बघत बसली.

कंधारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकलचं दुकान. लोक एका कानात अत्तराचा फाया ठेवतात, हे दोन्ही कानांत ठेवत. "गिऱ्हाइकाच्या फोनमधलं अर्धं तरी भायेर राहतं." स्वतः फोन केला, की पहिला प्रश्न ठरलेला : "स्पीकर चालू न्हाई ना? जवळ कोन हाय?" लातूरच्या लेकीलाही हेच. ती वैतागून म्हणायची, "अब्बा, जवळ तुमचे जावई आहेत आणि कुकर आहे."

"मग दोघांना सलाम सांग."

मागच्या उन्हाळ्यात बसस्टँडवरच्या हॉटेलात आम्ही चार पेन्शनर चहा पीत होतो. रशीदभाईंचा फोन आला. गंमत म्हणून मी स्पीकर लावला. ठरलेला प्रश्न आला.

"मी एकटाच आहे," मी म्हणालो.

"गुरुजी, फक्त तुम्हालाच सांगून राहिलो. डावा कान गेला. उजवा बी चाललाय. लेकीला कळलं तर दुकान बंद करून लातूरला नेईल. तिथं दिवसभर काय करू? हितं शटर उघडलं की चार मानसं तरी येतात."

आमच्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

थोड्याच दिवसांत सगळी गल्ली त्यांच्याशी ओरडून बोलू लागली. मग लेकही आली. मी गेलो तेव्हा सायकली टेम्पोत चढत होत्या आणि ती वडिलांच्या उजव्या बाजूला उभी राहून विचारत होती, "सगळ्या गावाला माहीत, फक्त मला नाही. लोकांना सांगितलं कुणी?"

"मीच," रशीदभाई म्हणाले. "एकेकाला कुठं सांगत बसू? हॉटेलात जाऊन सांगून टाकलं. विचार गुरुजींना."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

लातूरला ती अजून त्यांच्यावरच रागावलेली आहे.