सर्जाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

हौशीराम पेटला होता. गाडीच्या आधी.

सकाळी घोडेगावातून निघताना त्याने बायकोला छाती काढून सांगितलं होतं, "साधना, आज गाडी तापली तर उद्या भंगारात. सर्जाची शप्पथ." सर्जा म्हणजे त्याचा शर्यतीचा बैल. तळेघरला साधनाच्या भावाचा साखरपुडा होता, आणि डिंभ्याच्या पुढं चढ लागताच त्या सत्त्याण्णव सालच्या गाडीतून इडलीच्या भांड्यासारखी वाफ निघाली.

त्याने फिटर ज्ञानेश्वरला फोन लावला.

"थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, आता काय इंजिनाला माहेरी धाडू?"

"भाऊ, माझ्या दारात गाडी थंडगार व्हती."

"दारात उभी व्हती. मी गाडी उभी करायला घेतली न्हाई."

"मग हेड गॅस्केट असंल."

"ते तूच मागच्या म्हैन्यात बदललंस, नालायका."

साधना शालू सावरत खाली उतरली आणि गाडीच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. तिथं बॉनेटपासून बंपरपर्यंत सर्जाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधलेला होता. मधे हार घातलेला सर्जा, खाली गॉगल लावलेले सतरा शुभेच्छुक.

"इंजिनाला वारं कुठनं लागतं?"

"पुढच्या जाळीतनं."

"जाळी कुठंय?"

हौशीरामने सर्जाकडे बघितलं. मग फोनमध्ये ओरडला, "हा फ्लेक्स तुला दिसला न्हाई?"

"दिसला की. दर बारीला पाया पडून वर सरकवायचो, गाडी तपासायचो, परत खाली सोडायचो. तुमीच म्हणला व्हता, सर्जाचा फ्लेक्स काढला तर दुकान पेटवीन."

साधनाने फ्लेक्स सोडून त्याची वळकटी केली. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. तळेघरपर्यंत तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. हौशीरामला आता काट्याचाही राग आला.

"वाचली तुमची गाडी," साधना म्हणाली.

मांडवाच्या तोंडाशी सासरे दादाभाऊ उभे होते. गाडी बघून त्यांचा चेहरा पडला. "जावईबापू, फ्लेक्स कुठाय? मी सगळ्या पावण्यांना सांगून बसलोय, सर्जाची गाडी येणार म्हणून."

हौशीरामने फ्लेक्स पुन्हा बांधला. फक्त फोटोपुरता.

मग पन्नास पाहुण्यांनी फोटो काढले, आणि सोडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

परतीला गाडी डिंभ्याच्या अलीकडं वाफ सोडत थांबली. साधना खाली उतरली. भीमाशंकरहून येणाऱ्या एसटीला तिने हात केला. चढण्याआधी पर्समधून लिपस्टिक काढली आणि सर्जाच्या दोन शिंगांच्या मधोमध भंगारवाल्याचा नंबर लिहिला.