ॲडजस्ट शब्दाचा अंमल आणि वेणूराजे यांची ओटी

श्रीकुलस्वामिनी साह्य असो. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, वैशाख मास. राज्याचें नांव घेण्याची आज्ञा नाही, यास्तव घेत नाही. जें घडलें तें मात्र घडलें तैसेंच लिहितों. टोपीकर या मुलखांत आले, राहिले आणि गेले. जातांना तोफा नेल्या, खजिना नेला, आणि ॲडजस्ट म्हणून एक शब्द होता तो येथेंच टाकून गेले. मूळचा तो यंत्राचा शब्द. कळ किंचित फिरवावी आणि कांटा ठिकाणावर आणावा, इतकेंच त्याचें काम. परंतु आमचे रयतेने तो उचलिला, आणि त्याचे अगोदर 'थोडें' हा शब्द कायमचा जोडून दिला, आणि मग त्याचा अंमल सर्वत्र बसला. तिघांचे बांकावर चवथा येऊन 'थोडें ॲडजस्ट करा' म्हणे आणि तिघे निमूट सरकत. आमटींत मीठ अधिक पडलें तर आचारी पाणी ओतून ॲडजस्ट करी. शिंप्याने चोळी तंग शिवली, तबल्याचा सूर उतरला, चष्मा नाकावरून घसरला, सर्वांस तोच इलाज. कारकून कचेरींत न येतां लग्नास गेला तर तें रजेंत ॲडजस्ट होई, आणि पूल नदी सोडून भलतीकडेच बांधला गेला तेव्हां कारभारी नरसोपंत यांनी नदीच थोडी ॲडजस्ट करावी ऐसा हुकूम काढिला. रयत हंसली आणि वळसा घालून जाऊं लागली. येथवर शब्दाने कोणाचें फारसें वाकडें केलें नाही, हेंही खरेपणाने लिहिलें पाहिजे.

महाराज खंडेराव यांस कन्या एकच, वेणूराजे. गळा गोड, स्वभाव मानी. तोलामोलाचें घराणें पाहून लग्न करून दिलें आणि तानपुरा संगें दिला. मग प्रथम निरोप आला कीं, सर्वांचें उरकल्यावर जें उरतें तें वेणूराजे यांचे पानांत पडतें. महाराज म्हणाले, "नवें घर आहे, थोडें ॲडजस्ट कर." मग कळलें कीं, तानपुरा माळ्यावर टाकिला. महाराज म्हणाले, "ॲडजस्ट कर." मग कळलें कीं, जांवई हात उगारितात, आणि महाराज पुन्हा तोच शब्द बोलिले. बांकावर सरकावयास जो शब्द, तोच मार खाण्यासही पुरवूं नये, हें दरबारांतल्या एवढ्या शहाण्यांत एकासही सुचूं नये, याचा संताप मज लिहितांनाही येतो.

त्या वैशाखांत वेणूराजे एकाएकी माहेरीं आल्या. ऊन मी म्हणत होतें आणि अंगांत मनगटापर्यंत बाह्यांची चोळी. राणी गोदूबाईसाहेब यांनी बाही हलकेच वर सारून पाहिली आणि परत खाली केली, आणि लेकीस जेऊं घातलें. पुढे चुलतसासरे राघोजीराव पालखी घेऊन न्यावयास आले. भर दरबारीं म्हणाले, "महाराज, संसार म्हटला कीं भांड्यास भांडें लागायचेंच. दोघांनी ॲडजस्ट करावें लागतें. आम्ही बोलूं पुतण्याशी." नरसोपंत यांनी मान डोलाविली आणि सर्व दरबाराने डोलाविली. वेणूराजे पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आबासाहेब, मला धाडूं नका. या खेपेस धाडलेंत तर मी जिवंत परत यायची नाही." महाराज यांनी मान खाली घातली आणि आंत निरोप धाडिला कीं, ओटीची तयारी करावी.

आतां या राज्याची रीत ऐसी कीं, लेक सासरीं निघाली म्हणजे आईने देवापुढे बसवून तिची ओटी भरावी, आणि ओटी भरल्यावांचून लेकीने उंबरा ओलांडूं नये. तांदूळ, खण, नारळ सर्व तबकांत मांडिलें, आणि गोदूबाईसाहेब तबकापुढे बसल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसूनच राहिल्या. मुहूर्त टळूं लागला. भोई पालखीपाशीं ताटकळले. नरसोपंत दाराआडून म्हणाले, "बाईसाहेबांस बरें नसेल तर दुसऱ्या कोणा सवाष्णीचे हातून भरून घेऊं. रीतींत थोडें ॲडजस्ट करतां येईल."

"ओटी आईने भरायची," राणीसाहेब म्हणाल्या, "आणि आई भरणार नाही."

तेव्हां महाराज स्वतां आंत आले. कोणी पाहत नाही ऐसें समजून हलक्या आवाजांत म्हणाले, "राणीसाहेब, असें काय करतां? आपणही या घरांत आलां, ॲडजस्ट केलेंत. आपलें काय गेलें?"

राणीसाहेब यांनी प्रथमच मान वर करून पाहिलें. "काय गेलें, तें आपण आजवर कधीं विचारलें नाहीत. आज विचारतां, तें लेकीला मार खायला धाडण्यासाठी."

महाराज यांनी मग पगडी काढून हातीं घेतली, आणि तैसेच उघड्या डोक्याने दरबारांत आले, आणि राघोजीराव यांस म्हणाले, "पालखी घेऊन जा. मुलगी आमची आहे, ती येथें राहील." राघोजीराव अब्रूचें बोलिले, लोक काय म्हणतील तें बोलिले. महाराज म्हणाले, "म्हणूं देत." पालखी मोकळी गेली.

सारांश, शब्द राज्यांत अजूनही आहे. बांकावर आहे, आमटींत आहे, पुलापाशीं तर आहेच. महाराज मात्र त्या दिवशीं परत आंत गेले, राणीसाहेब यांचे समोर खालीच बसले, आणि म्हणाले, "आतां सांगा, काय गेलें तें." राणीसाहेब सांगूं लागल्या. पुढील मजकूर त्या दोघांचा आहे, सबब लिहिला नाही.