भूक रद्द

"चल, जरा गच्चीवर जाऊन हवा खाऊ," साहेब म्हणाले, आणि ऑफिसातल्या सगळ्या माना एकदम आपापल्या संगणकांत खुपसल्या गेल्या.

गच्चीवरची हवा कशी असते हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. गेल्या महिन्यात आवाजवाला ती खायला गेला होता. लांडग्यांचं विव्हळणं, बर्फ तुटल्याचा आवाज, वाऱ्याचं घोंघावणं, सगळं तोच करायचा. खाली आला तो थेट आपला चहाचा कप पिशवीत भरायला लागला. तेव्हापासून कंपनीच्या संगणक-खेळातले लांडगे मुके होते.

आज पाळी भुक्कडची होती. खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. कंपनी जंगलात तग धरण्याचा एक खेळ बनवत होती. बर्फाळ रान, एकटा माणूस, आणि कसंबसं जगायचं. त्यात भुकेचं खातं याच्याकडे. माणसाला कधी भूक लागावी, लागली की हात कधी थरथरावेत, डोळ्यांपुढे अंधारी कधी यावी, काय खाल्लं की पोटात दुखावं, हे सगळं हा ठरवायचा. म्हणून भुक्कड. लांडगे जिच्याकडे होते ती लांडगेवाली, आणि शेकोटी पेटवण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्याला आगलाव्या म्हणत. आगलाव्या बिचारा स्वभावाने गरीब होता, पण नाव पडलं ते पडलं.

भुक्कड उठला. फोन टेबलावरच राहिला. लांडगेवालीने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू प्रेतयात्रेला येता येणार नाही म्हणून आधीच माफी मागतेय.

गच्चीवर वारा होता. आभाळ अंगावर आल्यासारखं खाली उतरलं होतं. गच्चीचं लोखंडी दार आपोआप मिटायचं आणि फक्त आतूनच उघडायचं, म्हणून साहेबांनी फटीत विटेचा तुकडा सरकवला आणि मग घसा खाकरला.

"हे बघ, खेळ आपण बाहेरच्या लोकांना खेळायला दिला होता. काय झालं माहितेय?"

"मेले," भुक्कड म्हणाला.

"सगळे मेले! लांडगा दिसायच्या आत मेले. आगलाव्याची शेकोटी कुणी पाहिलीसुद्धा नाही. एक जण तर बेरी खायला वाकला आणि वाकलेलाच मेला. लोक म्हणतात, दिवसभर घरात कटकट, ऑफिसात कटकट, आणि खेळायला बसलं की हा पोटाच्या नावाने ठणाणा करतो."

"साहेब, भूक नसेल तर तो झोपडीबाहेर पडेलच कशाला? आपण एवढं जंगल केलंय, ते बघणार कोण? पोट ढकलतं म्हणून माणूस दाराबाहेर पाऊल टाकतो. नाहीतर काड्या गोळा करून बसून राहील."

"बसू दे. सुखाने बसू दे." साहेबांनी नजर पाण्याच्या टाकीकडे वळवली. "वरच्यांचा निर्णय झालाय. भूक काढून टाकायची. पूर्णच. आणि भूक नाही म्हटल्यावर..."

पुढचं वाक्य वाऱ्याने नेलं, पण ऐकायची गरज नव्हती. भुक्कडच्या डोळ्यांपुढे बायको आली. तिला सातवा महिना लागला होता, आणि ती ज्या दुकानात हिशेब बघायची ते दुकानच बंद पडलं होतं. घरात आता हा एकटाच कमावता. दोन वर्षं रात्रंदिवस भुकेचा विचार करून माणूस शेवटी उपाशीच राहणार, हे त्याच्या डोक्यात इतकं गेलं, की समोर जे दिसलं त्याला त्याने लाथ मारली.

समोर वीट होती.

वीट गडगडत टाकीपर्यंत गेली. दाराने थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि मग धाडकन मिटलं.

साहेबांनी धावत जाऊन दार ओढून पाहिलं. हललं नाही.

"हे तू काय केलंस?" साहेबांनी विचारलं.

"मला वाटलं दगड आहे."

"दगडाला लाथ मारणार होतास?"

दोघांनी आळीपाळीने दार ठोकलं. पण शनिवार होता, अर्धा दिवस होता, आणि साहेब परत येऊन पुढचं नाव घेतील या धास्तीने सगळं ऑफिस दोघांची पाठ वळताच जिना उतरून पसार झालं होतं.

साहेबांच्या खिशात फोन होता. बॅटरी मात्र शेवटच्या घटका मोजत होती. त्यांनी लांडगेवालीला लावला. वाजून वाजून बंद झाला. आगलाव्याला लावला. तोही उचलेना. झाडंवाला, हवामानवाला, सगळ्यांना लावून झालं.

"हे फोन का उचलत नाहीत?" साहेब वैतागले.

"साहेब," भुक्कड शक्य तितक्या नरमाईने म्हणाला, "आज तुमचा फोन कोण उचलेल?"

साहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात लांडगेवालीचा निरोप आला: 'सर, अंगात ताप आहे. जे काही असेल ते सोमवारी.'

"घरी लावा ना, वहिनींना."

"ती माहेरी गेलीय," साहेब म्हणाले. कधीपासून ते त्यांनी सांगितलं नाही, आणि भुक्कडने विचारलं नाही.

भुक्कडला तोंडपाठ असा एकच नंबर होता, बायकोचा. साहेबांनी तो लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"नमस्कार. मी तुमच्या मिस्टरांचा साहेब बोलतोय. जरा अडचणीचं..."

"काढलंत ना त्यांना?" पलीकडून आवाज आला, तो भुक्कडलाही स्पष्ट ऐकू आला. "मला वाटलंच होतं! माणूस ताटावर बसला तरी हातात वही. जेवताना मला विचारतो, 'तुला आता नक्की कुठे भूक लागलीय, वर की खाली?' सातव्या महिन्यातल्या बाईला! तेही मी सहन केलं. का? तर म्हणे साहेब देवमाणूस आहेत. देवमाणूस! तुम्हाला जरा तरी..."

"अहो, ऐका तर, आम्ही गच्चीवर..."

"गच्चीवरून ढकला आता त्यांना!" ती म्हणाली, आणि तिथेच बॅटरी संपली.

साहेबांनी काळा पडलेला फोन खिशात ठेवला. "चांगल्या आहेत बोलायला," ते म्हणाले.

मग दोघे कठड्याशी गेले. खाली वाहनांचा असा काही गदारोळ होता, की यांच्या आरोळ्या मधल्या मजल्यापर्यंतही पोचेनात. समोरच्या इमारतीच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. भुक्कडने दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. साहेबांनी कोट काढून फडकावला. म्हाताऱ्यांना हे फारच आवडलं. त्यांनी आतून बायकोला बोलावून आणलं आणि दोघांनी मिळून हात हलवले. पावसाची भुरभुर सुरू झाली तशी त्यांनी काळजीने आभाळाकडे बोट दाखवलं, 'आत जा' अशी खूण केली आणि खिडकी लावून घेतली.

पाऊस अंगात मुरला तसा वारा सुऱ्यासारखा लागायला लागला. टाकीच्या आडोशाला मोडक्या खुर्च्यांवर टाकलेली एक ताडपत्री होती. एकच होती, त्यामुळे नोकरीवरून काढणारा आणि काढलेला असे दोघे तिच्याखाली मांडीला मांडी लावून बसले. बोलण्यासारखं होतं ते साहेब आधीच बोलून चुकले होते.

मग भुक्कडच्या लक्षात आलं की साहेबांचे हात थरथरताहेत. आधी त्याला ती थंडी वाटली. पण एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम कसा? बोलणंही जड झालं होतं.

"साहेब, काय होतंय?"

"साखर कमी... सकाळी इन्सुलिन घेतलं. नंतर जेवलो नाही."

"का?"

"तुला सांगायचं होतं ना आज. घास उतरेना."

आधी हात थरथरतात, मग घाम सुटतो, मग डोळ्यांपुढे अंधारी. हा क्रम त्याने स्वतः पुस्तकं वाचून, डॉक्टरांना विचारून खेळात घातला होता, आणि 'एवढं कुठे होतं का कुणाला' म्हणून याच साहेबांनी त्याला वेड्यात काढलं होतं. अंधारीनंतर काय येतं, तेही त्याला माहीत होतं. खेळात तिथे पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोय होती.

त्याने खिसे चाचपले. रुमाल, किल्ली, आणि तळाशी खोकल्याची एक गोड गोळी, कागद फाटून खिशातल्या धाग्यांना चिकटलेली. ती हातात घेतल्यावर त्याच्या मनात जे आलं ते त्याने पुढे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. फार काही नव्हतं. एवढंच की गोळी आहे हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही. ते येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"आ करा," तो म्हणाला.

साहेबांनी धाग्यांसकट गोळी चोखली. "कडू आहे," ते पुटपुटले.

"गोड आहे, साहेब. वरचं आवरण कडू आहे. चोखत राहा, आणि माझ्याशी बोलत राहा. शिव्या द्या हवं तर."

पण एका गोळीने कितीसं भागणार? कुणीतरी वर यायला हवं होतं, आणि हाका मारून तर कुणी येत नव्हतं. भुक्कड ताडपत्रीखालून बाहेर आला आणि गारठलेल्या डोक्याने आपल्या धंद्याचा विचार करू लागला. खेळातल्या माणसाला झोपडीबाहेर काढायला तो काय करायचा? हाक नाही मारायचा. त्याच्या जवळचं काहीतरी काढून घ्यायचा.

त्याची नजर टाकीवर गेली. तळाशी जाड पाइप होता, त्यावर गंजलेला कॉक. हाताने तो हलेना. मग त्याने ती मघाची वीट उचलली आणि मारत सुटला. बोटं सोलवटली, पण कॉक करकरत फिरला आणि सबंध इमारतीचं पाणी बंद झालं.

इमारतीत त्या वेळी दोनच माणसं पाण्यावाचून अडणारी होती. एक वॉचमन, आणि तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांच्या खुर्चीत एक पेशंट चूळ भरायची वाट बघत, तोंडात कसलासा लगदा घेऊन बसला होता. डॉक्टरांनी वॉचमनला फैलावर घेतलं. वॉचमन पुटपुटत वर आला.

दार उघडलं. भुक्कडने जीव तोडून आरोळी ठोकली, "दार धरा!"

त्या आरोळीने वॉचमन असा दचकला की उडी मारून दोन पावलं पुढे आला. दार त्याच्या मागे धाडकन मिटलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

भुक्कडला रडू यायचंच बाकी राहिलं. "तुमच्याकडे फोन?"

"खाली चार्जिंगला लावलाय."

"खायला काही? गोड?"

"तंबाखू आहे."

आता ताडपत्रीखाली तिघे झाले. वॉचमनने साहेबांची अवस्था पाहिली आणि आपला कोरडा स्वेटर काढून मुकाट्याने त्यांना घातला. मग कॉककडे त्याचं लक्ष गेलं आणि तो सवयीने उघडायला निघाला. भुक्कडने त्याच्या कमरेला मिठी मारली.

"अहो, डॉक्टर बोंबलताहेत खाली!"

"बोंबलू द्या! बोंबलत वर येऊ द्या!"

वॉचमनला ते पटेना. दोघांची झटापट चालू असतानाच दार पुन्हा उघडलं. डॉक्टर हातमोजे घालून, कपाळावर दिवा लावून उभे होते. त्यांच्या मागे तोंडात लगदा भरलेला तो पेशंट. समोर दोन माणसं पावसात कुस्ती खेळताहेत आणि तिसरा ताडपत्री पांघरून मान टाकून पडलाय, हे पाहून डॉक्टर तोंड वासून उभेच राहिले. दार त्यांच्या हातून सुटलं. पण पेशंट सुज्ञ होता. बोलता येत नसलं तरी त्याने मधे पाय घातला आणि कळवळून ओरडला.

अशा रीतीने सुटका झाली.

डॉक्टरांनी साहेबांना दातांच्याच खुर्चीत आडवं केलं, ग्लुकोज पाजलं, आणि नाडी ताळ्यावर आल्यावर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ती गोळी कुणी दिली?" साहेबांनी भुक्कडकडे बोट केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खुर्चीवरचा दिवा डोळ्यांवर येत असेल म्हणून भुक्कडने तो बाजूला सरकवला, तरी ते थांबलं नाही.

"भूक राहू दे," साहेब म्हणाले. "वरच्यांशी मी बोलतो. आणि तूही राहा."

भुक्कड ऑफिसात फोन घ्यायला गेला. फोनवर बायकोच्या निरोपांची रांग लागली होती. खाली लांडगेवालीचा एक निरोप होता. साहेबांचा फोन आपल्या एकटीलाच नाही, सगळ्यांना आला, हे तिला कळलं होतं. म्हणजे सगळेच जाणार. पलीकडच्या रस्त्यावरची दुसरी कंपनी तिला कधीची बोलावत होती, सगळी टोळी घेऊन ये म्हणून. तिने हो म्हणून टाकलं होतं. झाडंवाला, हवामानवाला, आगलाव्या, सगळ्यांनी घरबसल्या राजीनामे पाठवले होते. 'साहेबांना तोंडावर सांगायला किती जड जात असेल,' तिने लिहिलं होतं, 'म्हणून आम्हीच त्यांना मोकळं केलं. तुझ्यासाठीही मी विचारलं रे. पण तिकडे स्वयंपाकाचा खेळ चालू आहे, नुसतं रांधायचं आणि वाढायचं. भुकेचं त्यांच्याकडे काम नाही.'

सोमवारी ऑफिसात दोघेच होते. साहेबांनी स्वतः खेळ चालू केला. लांडगेवाली आपले लांडगे अर्धवट सोडून गेली होती. ते एका जागी उभे राहून पाय झाडत होते. झाडंवाल्याच्या बेरी नुसत्या दिसत होत्या, तोडता येत नव्हत्या. शेकोटी पेटत नव्हती. पांढऱ्याशुभ्र, निःशब्द बर्फात एक माणूस उभा होता, आणि साऱ्या जंगलात त्याची भूक तेवढी बिनचूक चालत होती.

साहेबांनी त्याला इकडे फिरवला, तिकडे फिरवला. त्याचे हात थरथरायला लागले.

"अरे, पण याने खायचं काय?" त्यांनी विचारलं.

भुक्कडने हात पुढे करून खेळ थांबवला. मग खुर्ची मागे सारून उठला.

"आधी आपण जेवून घेऊ, साहेब," तो म्हणाला. "त्याचं मग बघू."