लुईव्हिलचे गोखले काका

गोखले काकांना सिंगापूरच्या क्लेमेंटीत अकरा वर्षं राहूनही स्वतःचा ब्लॉक चटकन सापडत नाही. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या जुन्या मेन स्ट्रीटवर मात्र ते डोळे मिटून फिरतात. अमेरिकेला ते कधी गेलेले नाहीत. सगळी भटकंती संगणकावरच्या नकाशात.

काका हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत मॅनेजर आणि आमचे शेजारी. मी विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, म्हणजे त्यांच्या मते रिकामीच. त्यामुळे एमआरटी मेट्रोत दिसले की शिकवणी सुरू. "दुकानं काय गं, बदलतात. खरी इमारत पाटीच्या वर असते. वर बघ, वर!" तिथल्या जुन्या गोदामांचे दर्शनी भाग ओतीव लोखंडाचे आहेत आणि रंगवल्यावर थेट दगडी वाटतात, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्या लोखंडाचाच राग येतो. वर बघण्याच्या नादात काका एकदा पुलाउ उबीन बेटावर सायकलसकट गटारात गेले. बाहेर काढल्यावर म्हणाले, "त्या घराचं छप्पर पाहिलंस?"

त्यांची मुलगी मुग्धा लुईव्हिलमध्ये जुन्या इमारती दुरुस्त करते. कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती या कामात शिरली तेव्हा काका बोलून गेले, "विटा रचण्यासाठी का एवढं शिकवलं तुला?" ते तिला फार लागलं. तेव्हापासून रविवारी सकाळचा फोन "जेवलीस का?" आणि "हो" यावर दोन मिनिटांत आटपतो. तो जरा लांबावा म्हणून काकांचा जीव तुटतो.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला होते. फोन स्पीकरवर होता. काका ठासून म्हणाले, "तुमच्या मेन स्ट्रीटवरचे ते दगडी खांब काय सुंदर कोरलेत गं!"

"काका, लोखंडी!" मी कुजबुजले.

"गप गं, माहितीये," काका त्याहून हळू म्हणाले. "चुकीचं सांगितलं की बोलेल. पुण्याची पोरगी आहे."

आणि मुग्धा बोललीच. लोहचुंबक लावून खांब कसा ओळखायचा, गंज कुठून शिरतो, सगळं. बारा मिनिटं झाली. "असं होय! असं होय!" म्हणता म्हणता काकांना राहवेना. "कोपऱ्यावरच्या इमारतीचे तर चारही मजले लोखंडी आहेत!"

मुग्धा थांबली. "बाबा, तुम्हाला हे सगळं माहीत आहे?"

"थोडंफार."

"कधीपासून?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तू तिकडे गेलीस तेव्हापासून."

 मी चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा, सोमवारी साइटवरून व्हिडिओ कॉल करते," ती म्हणाली. "खांब जवळून बघा. बघाल ना?"

काका पुन्हा चष्माच पुसायला लागले. म्हणून मीच ओरडले, "बघतील!"